सातचा पाढा

“नाही...!”

पडद्यावर तिसऱ्यांदा तोच शब्द उमटला आणि करुणानं नळीतून द्यायची पेजेची वाटी खाली ठेवली. पुंडलिकनगरातल्या त्या खोलीत तिच्या सासूबाई, भामाबाई, निश्चल पडल्या होत्या. मेंदूच्या झटक्यानं वाचा गेली, हातपाय गेले, पापणीसुद्धा मनासारखी लवेना. त्यांच्या डोक्यावर संशोधन करणाऱ्या अश्लेषानं तारांची टोपी बसवली होती. टोपीतून न दिसणारा उजेड डोक्यात शिरायचा. मेंदू कामाला लागला की तिथं रक्त धावायचं आणि परतणाऱ्या उजेडावरून ते कळायचं. ‘हो’ म्हणायचं तर मनात सातचा पाढा म्हणायचा, ‘नाही’ म्हणायचं तर स्वस्थ पडायचं... एवढंच!

आणि पुण्याहून आलेल्या धाकट्या दिरानं, अतुलनं विचारलं होतं, “आई, वहिनी तुला नीट सांभाळतात का?”

“पाहिलंत वहिनी? उद्याच आईला पुण्याला नेतो. तिथं चांगली संस्था आहे.”

करुणानं नवऱ्याकडं पाहिलं. संघपाल यंत्राच्या पडद्याकडंच पाहत होता! शाळेतली नोकरी सोडून जिनं या देहाची घाण काढली, तिच्या पदरात शेवटी हे...

खरं काय ते तिला एकटीला ठाऊक होतं. भामाबाईंना पाढा काय, अक्षरही येत नव्हतं! फुलंब्रीला लोकांच्या रानात कापूस वेचून त्यांनी पोरं शिकवली. पुस्तक पुढ्यात घेऊन “मोठ्यानं वाच” म्हणायच्या, आणि पोरांना वाटायचं, आई चुका काढतेय. सून घरात आल्यावर गोळ्यांचं पाकीट वाचायला देत म्हणाल्या होत्या, “पोरायला सांगू नको गं. त्यांच्यापुढं लई ताठ मानेनं जगले मी.” करुणानं शब्द दिला होता. पण आता तो पाळावा, तर आई परक्या संस्थेत कायमच्या मुक्या राहणार!

“अश्लेषाताई, पाढ्याऐवजी दुसरं काही चालेल?”

“चालेल की. हात हलवल्याची नुसती कल्पना केली तरी टोपीला कळतं. थोडा सराव लागेल.”

“आता कशाला नाटक?” अतुल चिडला.

करुणा वाकली. “आई, पाढा सोडा. ‘हो’ म्हणायचं तर कापूस वेचा... दोन्ही हातांनी, भराभरा.” सराव झाला. मग तिनं विचारलं, “आई, यांना सांगू का?”

सगळे पडद्याकडं वळले. मग... ‘हो’!

करुणानं सगळं सांगितलं. अतुलनं कापऱ्या आवाजात पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि पुन्हा ‘हो’ उमटलं, तसा तो आईच्या पायांवर कोसळला. “वहिनी, चुकलो मी...!”

“उठा भावजी,” एवढंच ती म्हणाली.

संघपाल पुढं झाला. डोळे भरले होते त्याचे. “करुणा, मला तरी सांगायचंस गं!”

“तुम्ही मला विचारलंत कधी? समोर उभी होते मी... आणि तुम्ही यंत्राकडं पाहत होतात!”

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. टोपी काढून तिनं सासूच्या कपाळावरच्या वळांवरून हलका हात फिरवला आणि थंड झालेली पेज गरम करायला ती आत निघून गेली.