म्हातारीच्या चाकावरचा चेहरा

"थांबा, थांबा! आता कुईऽऽ होणार बघा!" शिट्टीने बोट वर केलं.

आणि झालंच! शेडमधून म्हातारी बाहेर पडली, तशी तिच्या शेपटाकडून अशी किंकाळी निघाली, की जणू कुणी मांजराच्या शेपटीवर ट्रंक ठेवली! फलाटाच्या तोंडाशी आली आणि आवाज एकदम गप्प.

"रोज दुपारी हेच!" शिट्टी म्हणाली. ती फिटरकाकांची मुलगी. पुढच्या दातांत ही एवढी फट, त्यामुळे दर दोन शब्दांनी शिट्टी वाजायची. "सकाळी नाही, संध्याकाळी नाही. फक्त दुपारी!"

"जेवण जड होत असेल म्हातारीला," ठोकळ्या म्हणाला.

"तुझ्यासारखं!" त्याची थोरली बहीण भिंगरी म्हणाली, पण तिचं लक्ष गाडीकडेच होतं.

आता ही म्हातारी म्हणजे कुणी बाई नव्हे बरं का. छोट्या लायनीवरची सगळ्यात जुनी गाडी ती. लाल रंगाची, दोन डब्यांची. तिच्या जोडीला एक हिरवी, एक पिवळी आणि परवाच कारखान्यातून आलेली कोरी करकरीत निळी. एवढाच कंपनीचा संसार. पण काय संसार होता! शाळेतली पोरं, दवाखान्यातल्या नर्सबाई, दुधाचे कॅन, सायकली, सगळं या गाड्यांच्या अंगावर. मोठ्या लायनीच्या गाड्या ज्या गावांकडे ढुंकूनही बघत नाहीत, तिथे या थांबायच्या. कुणी धापा टाकत येताना दिसलं, की ड्रायव्हर क्षणभर दम धरायचा. आणि त्या ड्रायव्हरांतली पहिल्या नंबरची म्हणजे भिंगरीची मावशी! सुट्टीत तिच्याकडे राहायला मिळतंय म्हणून भिंगरी वर्गात कितीतरी भाव खाऊन आली होती.

म्हातारी फलाटाला लागली. तिच्या मागून, पलीकडच्या बाजूने, शेडमास्तर डुलत डुलत आले. मिशी झोकदार, आणि डाव्या गालावर आडव्या रेघाच रेघा!

"काका, गालाला काय झालं?" ठोकळ्याने विचारलं.

"वय झालं, पोरा! सुरकुत्या आहेत त्या."

"एकाच गालाला?"

"चल, पळ इथून!" शेडमास्तर खेकसले.

संध्याकाळी मावशी घरी आली ती बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसली.

"काय झालं गं मावशी?"

"म्हातारीचं मागचं एक चाक चपटं झालंय. धावताना ठक-ठक वाजतंय. शेडमास्तर म्हणतात, मी ब्रेक करकचून मारते म्हणून चाक घासलं."

"खोटं! तू थांबवलीस की पेल्यातलं पाणीसुद्धा हलत नाही!"

"ते तुला ठाऊक, मला ठाऊक. उद्या दुपारी कंपनीच्या मोठ्या बाई येणार आहेत. त्यांना पटलं, की मला गाडीवरून उतरवून तिकिटाच्या खिडकीत बसवणार." मावशीने खिडकीबाहेर पाहिलं. तिथे निळी उभी होती, अजून काचांवरचा कागदही न काढलेली. "आणि हिची पहिली फेरी दुसरं कुणी मारणार."

मावशीने डोळे पुसले नाहीत, नुसते बूट काढले. त्याचंच भिंगरीला जास्त वाईट वाटलं.

सकाळी पोरं थेट फिटरकाकांकडे.

"काका, चाक चपटं कसं होतं हो?"

"फिरणारं चाक चौफेर सारखं झिजतं," काका हात पुसत म्हणाले. "पण ते जाम असलं आणि गाडीने तसंच ओढलं, तर एकाच जागी घासतं. किसणीवर धरल्यासारखं."

"आणि तेव्हा कुईऽऽ आवाज येतो?" शिट्टीने विचारलं.

"येणारच! पण जाम कशाने होईल? शेडमध्ये उभ्या गाडीचा हातब्रेक आवळलेला असतो, खरं. तो मागच्या डब्यात असतो. शेडमास्तर तो सोडतात, तपासतात आणि मगच हिरवा दिवा लावतात. ड्रायव्हर दिवा बघून निघते. नियमच आहे तसा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मावशी पुढच्या टोकाला, इंजिनाच्या धडधडीत. तिला मागचं कसं ऐकू येणार?" भिंगरी म्हणाली. "पण नुसत्या आवाजावर मोठ्या बाई विश्वास नाही ठेवायच्या. त्यांना दिसलं पाहिजे! काका, तुमचा तो खुणा करायचा पिवळा मेणखडू द्या ना!"

दुपारी शेडमास्तर जेवायला गेले, तशी पोरं शेडमध्ये शिरली. डबे धुणाऱ्या आजी हातात पाइप घेऊन उभ्याच होत्या.

"या कट्ट्यावरूनच हात पुरवा! रुळात पाऊल टाकलंत तर तुम्हालाच धुऊन काढीन!"

"नाही टाकत आजी, शप्पथ!"

मग काय, फलाटाच्या बाजूच्या एकेका चाकावर एकेक चेहरा! एक रडका, एक चिडका, एक जीभ काढलेला. शेवटच्या चाकावर भिंगरीने मोठा हसरा चेहरा काढला, आणि ठोकळ्याने त्याला मिशी लावली.

"अरे, मिशी कशाला?"

"ओळखीचा वाटतोय म्हणून!"

निघता निघता शिट्टीने ठोकळ्याला कोपरखळी मारली. "दिवा बघ!"

हिरवा दिवा लागलेला होता. गाडी सुटायला अजून चांगला अवकाश, आणि शेडमास्तरांचा पत्ता नाही!

मोठ्या बाई फलाटावर आल्या त्या छत्री टेकत. मावशी गाडी आणायला गेली होती. भिंगरी पुढे झाली.

"बाई, गाडी येताना फक्त चाकांकडे बघाल का?"

"चाकांकडे? का गं?"

"आम्ही सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. तुम्हीच बघा!"

बाईंनी चष्मा सारखा केला. म्हातारी हलली. रडका चेहरा कोलांटी मारत आला. चिडकाही गरगरला. जीभवाला तर उलटापालटा! आणि शेवटी, पाण्याने ओल्या रुळावरून, कुईऽऽ करत आला मिशीवाला. सरळच्या सरळ! न फिरता, न हलता, राजासारखा घसरत, सगळ्यांकडे बघून हसत!

"अरेच्चा!" बाईंची छत्री हातातून सुटली. "हे चाक फिरतच नाहीये!"

"आणि अजून कुणी ब्रेक मारलेलाच नाही!" फिटरकाका ओरडले. "हातब्रेक! हातब्रेक आवळलेलाच आहे!"

तेवढ्यात, फलाटाच्या तोंडाशी, मिशीवाला चेहरा दचकला आणि गरगर फिरू लागला. आवाज बंद.

"म्हणजे आत्ता कुणीतरी सोडला," बाई सावकाश म्हणाल्या. "शेडमास्तर कुठे आहेत?"

"हा काय, आलोच बाईसाहेब!" गाडीच्या पलीकडून शेडमास्तर आले. गालावर आडव्या रेघा!

भिंगरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "बाई, म्हातारीच्या मागच्या डब्यातली बाकं बघा! पट्ट्यापट्ट्यांची! काका बाकावर झोपतात!"

बाई डब्यात चढल्या. बाकावर एक उशी होती, अजून कोमट. त्या खाली उतरल्या आणि नुसत्या शेडमास्तरांच्या गालाकडे बघत राहिल्या.

"जेवल्यावर जरा डोळा लागतो," शेडमास्तर मिशी चावत पुटपुटले. "रूळ उताराचा. झोपेत गाडी घरंगळली तर? म्हणून ब्रेक ठेवतो तसाच. दिवा आधीच लावून टाकतो. गाडी हलली, की जाग येते, मग सोडतो..."

"आणि आळ माझ्या ड्रायव्हरवर? वा!" बाईंचा आवाज चढला. "उद्यापासून तिकिटाच्या खिडकीत तुम्ही बसायचं. तिथे बाक नाही, स्टूल आहे!"

ठोकळ्या इतका हसला की त्याला उचकी लागली.

मावशी पुढच्या डब्यातून उतरून आली, तोवर फिटरकाकांनी तिला सगळं ओरडून सांगितलंही होतं. बाईंनी तिचा हात हातात घेतला. "माफ करा. निळीची पहिली फेरी तुमचीच. आणि फिटर, प्रत्येक गाडीच्या प्रत्येक चाकावर पिवळा ठिपका काढा. चाक फिरतंय की नाही, ते फलाटावरच्या शेंबड्या पोरालाही दिसलं पाहिजे!"

"मी शेंबडा नाही," ठोकळ्या म्हणाला.

"नाहीस रे बाबा! शेडमधल्या सगळ्यांपेक्षा तुम्हा तिघांचे डोळे उघडे आहेत!"

लेथवर, म्हणजे चाक तासायच्या यंत्रावर, चढून म्हातारीचं चाक पुन्हा गोल झालं, त्या दिवशी निळीही तयार होती. काचा पुसलेल्या, दिवे चकचकीत. मावशीने निळीच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू उद्या. आज हिला फिरवून आणते. फार बोलणी खाल्ली बिचारीने."

तिघं म्हातारीत चढली. गाडी वेगात आली. ठक-ठक नाही, कुईऽऽ नाही. नुसतं लोण्यासारखं धावणं. कोपऱ्यात डुलक्या घेणाऱ्या नर्सबाई दचकून जाग्या झाल्या. "अगंबाई, गाडी थांबली की काय?"

"थांबली नाही, बरी झाली!" भिंगरी म्हणाली.

पुढच्या टोकाकडून मावशीने भोंगा वाजवला. एकदा लांब, आणि मग उगाचच तीनदा छोटा. ते तीन कुणासाठी, हे तिघांनाही बरोबर कळलं.