क्यू-एक्सच्या जागी

डोळ्यांवर बांधायला एक काळी पट्टी शिवून मिळेल का, असं कुणी विचारलं तर आधी त्याच्या तोंडाकडे नीट बघावं लागतं. सुप्रीतानं बघितलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता. दारातल्या मुलाच्या चश्म्याची दोन्ही भिंगं धुरकटली होती, आणि तो ती शर्टाच्या टोकानं पुसत होता... म्हणजे आणखी खराब करत होता.

कन्नड मुलखातल्या विजयनगर वस्तीतलं हे दुकान तिच्या वडिलांचं, शेषगिरी टेलरांचं. ब्लाउज, शाळेचे गणवेश, देवळातल्या विठ्ठलाचे अंगरखे असं सगळं तिथे शिवलं जाई. पट्टी मात्र आजवर कुणी मागितली नव्हती.

"झोपायला पाहिजे का?" तिनं विचारलं.

"नाही, क्यूब सोडवायला. न बघता."

त्यानं पिशवीतून रंगीत चौकोनी क्यूब काढला आणि ओल्या पायांनीच समजावून सांगायला सुरुवात केली. क्यूब एकदा बघून घ्यायचा, डोक्यात साठवायचा, डोळे बांधायचे आणि मग नुसत्या बोटांनी सगळे रंग जागेवर आणायचे. बाजारातल्या पट्ट्यांतून नाकापाशी उजेड शिरतो आणि स्पर्धेत तो चालत नाही.

"सुम्ने सांगताय, उगाच काहीतरी," सुप्रीता म्हणाली, पण टेप घेऊन पुढे झाली. तिनं कपाळाचा घेर घेतला, मग नाकाचा उंचवटा. मापासाठी श्वास रोखायची काहीच गरज नसते. तो मात्र रोखून उभा होता, आणि थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की तीही.

पट्टी न्यायला आला तेव्हा त्यानं ती तिथेच काउंटरपाशी बांधली आणि क्यूब सोडवून दाखवला. आतलं मशीन थांबलं. अप्पा दारात येऊन बघत राहिले आणि काही न बोलता परत गेले. कौतुक करायची त्यांची हीच पद्धत होती. सुप्रीतानं मात्र सरळ विचारलं, मला शिकवाल का?

मुलाचं नाव भुवन. तो मूळचा कराडचा, मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. दर रविवारी सकाळी बोगादीच्या एका बागेत क्यूबवेडी मंडळी जमत, त्यांच्यात तो तिला घेऊन गेला. कुणी क्यूबच्या स्प्रिंगा सैल करून बघत असे, कुणी त्यात तेलाचा थेंब सोडे, कुणी नवी चाल शिकवे, आणि कुणाची वेळ जराशी सुधारली तरी सगळे टाळ्या पिटत. पोटापाण्याशी संबंध नसलेल्या गोष्टीसाठी माणसं एवढी खूश होतात, हे सुप्रीताला फार आवडलं.

भुवननं तिला न बघता सोडवायची त्याची रीत दिली. क्यूबच्या प्रत्येक घराला एक इंग्रजी अक्षर. कुठला तुकडा कुठे जायचा ते बघत गेलं की अक्षरांची माळ तयार होते. ती काही पाठ राहत नाही. म्हणून दोन-दोन अक्षरांचं एक चित्र करायचं आणि चित्रांची गोष्ट रचायची. मग टी-के म्हणजे टाका, एम-डी म्हणजे मद्दूर वडा, जी-जे म्हणजे गजरा. वड्याला टाका घातला आणि वर गजरा माळला की क्यूबचे सहा तुकडे लक्षात राहिले.

"आणि क्यू-एक्स?" तिनं विचारलं होतं. "त्याला कुठला शब्द करू?"

"शब्द सापडत नसेल तिथं माणूस बसवायचा. ओळखीचा. विसरायचा म्हटलं तरी विसरता येणार नाही असा."

पुढच्या रविवारी त्यानं विचारलं, मग कोण बसलं? ती म्हणाली, "आहे कोणतरी." त्यानं परत विचारलं तेव्हा तिनं क्यूब इतका मन लावून फिरवायला घेतला की त्याला हसू आलं. एव्हाना 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, दोघांनी मिळून ठरवल्यासारखं. क्यू-एक्सच्या जागी शर्टाच्या टोकानं चश्मा पुसणारा एक मुलगा कधीचाच उभा होता, हे तिनं सांगितलं नाही... कुणी सांगतं का असलं?

त्यानं आणखी एक नियम घालून दिला होता. एकदा बसवलेलं चित्र हलवायचं नाही, आणि स्पर्धेच्या तोंडावर तर मुळीच नाही. जुनं जात नाही, नवं बसत नाही, आणि दोन्हींच्या भांडणात अक्षरं सांडतात.

नियम सांगणाऱ्याचंच मात्र अलीकडे बिनसलं होतं. पूर्वी डोळे बांधून लीलया सोडवणारा भुवन आता पुन्हा पुन्हा चुकत होता. बागेत सगळ्यांनी उपाय सुचवले. झोप नीट घे, कॉफी कमी कर, क्यूब बदल. तो नुसता मान हलवी.

मग स्पर्धेच्या आधीच्या रविवारी, बागेतून निघताना, तो गाडीची किल्ली चाळवत म्हणाला, "कंपनी पुण्याला पाठवतेय. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, हो की नाही ते सांगायचंय."

ती म्हणाली, "छान झालं की. घर जवळ पडेल."

तो थोडा वेळ उभा राहिला. आणखी काही ऐकायला थांबल्यासारखा. मग गेला.

त्या संध्याकाळी सुप्रीतानं रागारागानं, आणि त्याहून जास्त दुःखानं, त्याला क्यू-एक्समधून हाकललं. जाणारच आहे ना? जा मग. त्याच्या जागी तिनं दुकानातला बिनडोक्याचा पुतळा उभा केला. आठवडाभर घोकलं. क्यू-एक्स म्हणजे पुतळा, क्यू-एक्स म्हणजे पुतळा.

स्पर्धा बोगादीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. प्रत्येकाला तीन प्रयत्न, आणि दर प्रयत्नाला सगळ्यांना सारखाच विस्कटलेला क्यूब. पहिल्या प्रयत्नाला सुप्रीतानं तो नीट बघून घेतला, गोष्ट रचली, पट्टी ओढली. ही पट्टी तिनं भुवनच्या पट्टीतून उरलेल्या कापडाची शिवली होती. अंधारात चित्रं एकामागून एक येऊ लागली, बोटं पळू लागली. मग पुतळा आला. त्याला डोकं नव्हतं... आणि हातात चश्मा होता. शर्टाच्या टोकानं तो चश्मा पुसत होता.

तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. पट्टीच्या आत डोळे पुसता येत नाहीत. पट्टी कपाळावर सरकवली तेव्हा क्यूबवर तीन तुकडे भलतीकडेच होते. प्रयत्न बाद.

भुवनचा पहिला प्रयत्न आधीच होऊन गेला होता, नेहमीसारखा फसून. व्हरांड्यात त्यानं तिच्या हातातला क्यूब घेतला, त्या तीन तुकड्यांवरून बोट फिरवलं आणि ओठांतल्या ओठांत मघाचीच अक्षरांची माळ म्हणून बघितली. तिला पळून जावंसं वाटलं. ह्या माणसाला ती फसवू शकत होती, पण त्याच्या हातातल्या क्यूबला नाही.

"एकच जोडी गळालीय," तो म्हणाला. "क्यू-एक्स. तिथं तर विसरता न येणारं माणूस होतं ना?"

"होतं. मी बदललं."

"ह्या आठवड्यात? सुप्रीता... कोण होतं?"

बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. आज बोलली नाही तर उद्या तो पुण्याला हो म्हणणार, आणि आपण जन्मभर पुतळ्याला घोकत बसणार, हे तिला अगदी स्वच्छ दिसलं. त्याच्याकडे बघून मात्र बोलवेना. तिनं कपाळावरची पट्टी डोळ्यांवर ओढली.

"तू होतास. पहिल्या दिवसापासून तूच. तू जाणार म्हणून काढायला बघितलं, तर निघत नाहीस." पुढचं तिच्या तोंडून कन्नडमध्येच आलं. "होगबेडा, भुवन. जाऊ नको."

मग त्यानं तिची पट्टी हलकेच वर केली. त्याचा चश्मा धुरकटला होता.

"एवढंच ऐकायला थांबलो होतो गेल्या रविवारी," तो म्हणाला. "मी का चुकतोय, माहितीय? शब्द सापडत नाही तिथं मी तुला बसवलं. मग जिथं चांगले शब्द होते तिथंही. आता गोष्टीत जिकडंतिकडं तूच येतेस, आणि कुठली सुप्रीता कुठल्या अक्षरांची, ते मला कळतच नाही."

"अय्यो," ती म्हणाली. "असं कोण करतं?"

"कुणीच करत नाही. नियम आहे तसा." तो हसला. "उद्या त्यांना नाही म्हणून सांगतो."

आतून तिचं नाव पुकारलं गेलं. दुसऱ्या प्रयत्नात क्यू-एक्सची जोडी आलीच नाही, आणि त्याचं तिला जरा वाईटच वाटलं. पण पट्टी काढली तेव्हा सगळे रंग जागच्या जागी होते. कोपऱ्यातून कुणीतरी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. कोण ते बघायची तिला गरज नव्हती.

मग भुवन बसला. यावेळी तरी जमणार, असं बागेतली मंडळी कुजबुजत होती. तो झपाझप फिरवत गेला, मध्येच थबकला, डोळे बांधलेले असताना स्वतःशीच हसला आणि चुकला. सगळे हळहळले. याला झालंय तरी काय, हे कुणालाच उमगेना. एकटी सुप्रीता मान खाली घालून हसत होती.

तो तिच्याजवळ येऊन बसला तेव्हा ती हळूच म्हणाली, "एकाच जागी ठेव मला. बाकीच्या जागा मोकळ्या कर."

"कुठली ठेवू?"

"विसरणार नाहीस ती."

त्यानं चश्मा काढला, शर्टाच्या टोकाशी नेला. तिनं तो हातातून काढून घेतला आणि आपल्या ओढणीनं नीट पुसून परत दिला.