आमाच्या भिंतीला विटा कमी

"भुतांचा महिना तोंडावर आलाय, आणि माझी भिंत अजून कमरेएवढीच!" आमा अगदी लिंग-आनच्या कानाशी पुटपुटली.

ट्रकमधून विटा उतरवणाऱ्या लिंग-आनने मान आणखी खाली घातली.

तुफानात घर गेल्यापासून आमाचा मुक्काम देवळाच्या ओसरीत होता. सिमेंटचं घर परवडणारं नव्हतं. लिंग-आन कामाला होती त्या कारखान्यात मात्र थंड चहाच्या टाकाऊ प्लास्टिक बाटल्या वितळवून स्वस्त विटा व्हायच्या. एकमेकींत खटकन बसायच्या, गिलावा नको की काही नको. आमाचा नातू झे-वेई त्या रचत होता. सातवा महिना लागला की भुतं मोकळी सुटणार. मग महिनाभर ना गृहप्रवेश, ना लग्न. म्हणून घाई. म्हणजे... आमाला घाई.

"आज पुन्हा विटा कमी?" झे-वेईने विचारलं. रिमझिम त्याच्या पापण्यांवर अडकली होती. लिंग-आनने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं.

"मशीन... बिघडलंय."

"दर खेपेला? मी दिसलो की लाजतं वाटतं तुझं मशीन!"

"आणि तुझी भिंत? मागच्या वेळी खांद्यापर्यंत आली होती."

त्याचे कान लाल झाले. "ती... खचली असेल."

"प्लास्टिक खचत नाही."

"मग मांजरानं—"

"मांजरानं विटा उपसल्या?"

"आमच्याकडची मांजरं फार हुशार!"

तेवढ्यात मघाशी सटकलेली आमा देवळामागून ढकलगाडी रेटत आली. गाडीत विटांचा ढीग.

"ही बघ तुझ्या मांजराची करामत! संध्याकाळी काढायच्या, देवळामागे लपवायच्या. आणि पोरी, तुझ्या मालकाला विचारलंय मी. मशीन ठणठणीत आहे म्हणे!"

सगळं गाव जाणून होतं. देवळातला पुजारी उगाचच पेटलेल्या उदबत्त्या पुन्हा पेटवू लागला.

"अरे, बोला की कुणीतरी!" आमा कडाडली. "का मी भुतांबरोबर ओसरीत राहू?"

झे-वेई वीट पोटाशी धरून उभा. "घर झालं, की ही मग इकडे कशाला..."

लिंग-आनने त्याच्या हातातली वीट काढून घेतली.

"विटा नसत्या तरी आले असते रे. आवडतोस तू मला, खुळ्या. आता भिंत बांध!"