भरतीची पाटी

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी धुरकं, दुपारी हवा कोरडी. तीननंतर शिवडीकडून वारा सुटला.

चिंतामणी लालबागच्या त्या चाळीचा दुसरा जिना चढला तेव्हा चार वाजायला आले होते. काम साधंच होतं. चाळ पाडायची ठरली होती, बिऱ्हाडं हलली होती. मोरजुव्याच्या गावकरी मंडळाची खोली तेवढी सामानासकट उरली होती. तिच्यातल्या ट्रंका बघायच्या, आणि पाच वाजता चुलतभाऊ प्रफुल्ल कागद घेऊन आला की त्यावर सही करायची.

मोरजुवा म्हणजे खाडीच्या पोटातलं बेट. पंचेचाळीस घरं, त्यातल्या सातांत दिवा लागायचा. पलीकडे जायचं तर होडीच. आता मात्र पूल होणार होता. चार खांब पाण्यात उभे राहिले, आणि ज्या माडांना कुणी विचारत नव्हतं त्यांच्याखालची जमीन बघायला गॉगल लावलेली माणसं होडीतून येऊ लागली. चिंतामणीच्या घरच्या सातबारावर सात नावं होती. जमीन विकायच्या कागदावर सहा सह्या झाल्या होत्या. सातवी त्याची.

त्या घरात राहायची कौसल्या आत्या, त्याच्या वडिलांची बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, आता पंचाहत्तरीची. तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. चिंतामणीने सही केली की तिचं छप्पर जाणार होतं. नाही केली तर त्या पैशातून घ्यायच्या बदलापूरच्या दोन खोल्या हातच्या जाणार होत्या, आणि मेघना, त्याची मुलगी, करी रोडच्या एका खोलीत ओट्याखाली बसून अभ्यास करत राहणार होती.

त्याने कुलूप उघडलं. आत खाडीच्या चिखलाचा वास होता. ओला, खारट, कुजक्या पानांचा. शिवडीचा वारा, त्याने मनाशी म्हटलं. पण खोलीची खिडकी भायखळ्याच्या बाजूला होती, आणि बंद होती.

या खोलीत एके काळी सव्वीस माणसं राहत. सगळी गिरणीतली, तिन्ही पाळ्यांची. एक उठला की त्याच्या गरम वळकटीवर दुसरा आडवा व्हायचा. भिंतीला ओळीने ट्रंका, प्रत्येकीवर नाव. आणि दाराशी, टांगलेल्या कंदिलाखाली, पाटी.

पाटी त्याच्या वडिलांची, गणपतांची. गावची एसटी थांबायची खाडीच्या अलीकडेच. तेव्हा सुकती, म्हणजे ओहोटी असेल तर होडी चिखलात बसलेली, आणि माणूस ट्रंक घेऊन काठावर ताटकळत. म्हणून गणपत पाळी संपवून आले की आधी तिथी मोजायचे, बोटांवर हिशोब करायचे, आणि चारशे किलोमीटरवरच्या खाडीला भरती कधी लागेल ते लालबागच्या पाटीवर लिहायचे. त्याखाली जाणाऱ्याचं नाव. माणूस पोचल्याचा निरोप आला की नावापुढे ‘पोचला’.

भरतीशिवाय नाव लिहायचं नाही, हा त्यांचा नेम. रघुवीर नावाचा जॉबर, गिरणीतला मुकादम, एकदा शिमग्याच्या घाईत पाटी न बघता निघाला आणि सुकतीत चिखल तुडवत पलीकडे जायला लागला. ट्रंक सापडली. रघुवीर सापडला नाही.

मे महिन्यात पाटीवर ‘जाणार – चिंतामणी’ असं यायचं, तेव्हा आठ वर्षांचा चिंतामणी रात्रभर जागायचा. उठून, खडूला धक्का न लावता, त्या नावावरून हवेतच बोट फिरवायचा.

गणपतांना जाऊन सोळा वर्षं झाली होती. त्यानंतर पाटीला कुणी हात लावला नव्हता.

चिंतामणीने वर पाहिलं.

*सोमवार. भरती सकाळी पावणेदहा. जाणार – चिंतामणी.*

खडू ओला होता. ‘च’ची शेपटी खाली ओढलेली, वडील ओढायचे तशी. त्याने बोटं मोजली. उद्या वद्य त्रयोदशी. पावणेदहा. बरोबर होतं.

चावी एकच होती आणि ती चार वर्षं त्याच्या खिशात होती.

त्याने रुमालाने पाटी पुसली. रुमाल काळपट, चिकट झाला. त्याला चिखलाचा वास येत होता.

“काय रे, साफसफाई काढलीस?” प्रफुल्ल धापा टाकत दारात उभा होता. “परवा बुलडोझर फिरेल, आणि हा पाटी पुसतोय. चल, पेन काढ.”

“आत्येला सांगितलंस?”

“काय सांगायचं? म्हातारीला रत्नागिरीला आश्रमात ठेवू. टीव्ही आहे, डॉक्टर आहे. तिकडे रात्री ताप आला तर काठावरून होडीवाल्याला हाका मारत, कुकारे घालत बसेल.”

“पन्नास वर्षं कुकारे घालतेय.”

“तू जाऊन राहा मग. सुट्टीत चार दिवस फणस खायला सगळ्यांनाच गाव आवडतं.” प्रफुल्लने ट्रंकेवर कागद पसरला. “मी काय दुश्मन आहे का तुझा? मेघनाचा विचार कर.”

ते खरंच होतं. चिंतामणी खाली बसला. पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात कागदावर टपकन पाण्याचा थेंब पडला. मग आणखी एक. दोघांनी वर पाहिलं. छत कोरडं होतं.

“प्रफुल्ल… पाटी बघ.”

पाटीवर अक्षरं परत होती. तीच. खालच्या कडेने पाणी ओघळत होतं.

“मस्करी करतोस?” प्रफुल्लचा आवाज खाली गेला. “तूच लिहिलंस…”

“मी तुझ्यासमोर बसलोय.”

खाली रस्त्यावर मसाला कुटायचा डंख सुरू होता, त्याचा ठोका तेवढा ऐकू येत होता. चिंतामणीने टोपण लावलं.

“आधी तिला विचारून येतो,” तो म्हणाला.

“मंगळवारी खोलीचा ताबा द्यायचाय. जमीन घेणारी पार्टीही मंगळवारपर्यंतच थांबेल. मग बस माड मोजत.” प्रफुल्लने चावी मागून घेतली. पाटीकडे मात्र त्याने पुन्हा पाहिलं नाही.

संध्याकाळच्या बसने चिंतामणी निघाला. सोमवारी तो खाडीवर पोचला तेव्हा पाणी काठाला लागलं होतं आणि होडी तरंगत होती. घड्याळात पावणेदहा. पुलाच्या खांबांवर बगळे बसले होते. पलीकडच्या धक्क्यावर आत्या उभी होती, पदर डोक्यावर घेऊन.

“मी येणार ते तुला कुणी सांगितलं?” होडीतून उतरताच त्याने विचारलं.

“काल तिनसांजेक पैलाडसून कुकारो इलो,” ती म्हणाली. “दादाचोच आवाज. तीनदा. म्हणान भात वायच जास्त घातलंय.” मग त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, “सही करतलंय म्हणान सांगूक इलंस मा?”

ती पुढे चालू लागली. घराच्या पायरीवर त्याच्या लहानपणी मांडायची तशी पाय धुवायला कळशी भरून ठेवली होती. ओसरीवर दोन पाट होते. तिसरा वडिलांच्या जागेवर, तोही पुसून मांडलेला.

मंगळवारी दुपारी धक्क्यावर रेंज मिळाली तेव्हा चिंतामणीनेच फोन लावला. प्रफुल्ल खोलीत होता.

“मी सही करणार नाही,” चिंतामणी म्हणाला.

प्रफुल्ल चिडला नाही.

“चिंतू… कुलूप मी आत्ता उघडलं. तुझ्या नावापुढे ‘पोचला’ लिहिलंय.”

“हं.”

“खाली अजून एक ओळ आहे.”

“वाच.”

“जाणार – प्रफुल्ल.”

“भरती किती वाजता लिहिलीय?”

प्रफुल्लने पुन्हा पाहिलं असावं.

“भरती लिहिलेली नाही,” तो म्हणाला.

त्या दिवशी विक्रीच्या कागदावर सहा सह्या होत्या. सातवी जागा कोरी राहिली.