बुळबुळीत कॅन

"तुमच्याकडं एखादा बुळबुळीत कॅन मिळंल काय?"

खडेबाजारातल्या डेअरीत, भर गिऱ्हाइकांत, एका मुलीनं हे विचारलं तेव्हा मंथनच्या हातातलं माप दुधातच राहिलं.

"इथं दूध मिळतंय. बुळबुळीत समोरच्या डेअरीत विचारा."

"त्यांनीच इकडं पाठवलंय."

मुलगी निपाणीची. नाव रक्षा. कॉलेजात जंतूंचा अभ्यास. दुधाच्या भांड्यात जंतू चिकट थर करून राहतात आणि मग साबणालाही दाद देत नाहीत; ओव्याच्या अर्कानं तो थर धरतच नाही, हे तिला दाखवायचं होतं. मंथननं विक्रीतून काढलेला एक जुना कॅन पुढं केला. तिनं आत बोट फिरवलं, उजेडात धरलं... आणि तिचे डोळे लकाकले.

"लई भारी!"

आपल्या घराण्याच्या घाणीकडं इतक्या मायेनं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मंथन तिथंच संपला.

तिनं कॅनमधल्या दुधात स्टीलच्या दोन पट्ट्या सोडल्या. एक तशीच, दुसरी रोज अर्कात बुडवायची. मग रोज निपाणीची बस, रोज दोघांनी एकदम कॅनमध्ये डोकावणं... तिच्या ओढणीला ओव्याचा वास यायचा. प्रेमात लोकांना मोगरा आठवतो. मंथनला पोटदुखी आठवायची, तरी तो खूश होता.

घोळ केला त्याच्या आईनं. रोज एक मुलगी येऊन भांड्यात डोकावते म्हणजे स्थळ बघत्येय, हे मंगलबाईंनी ताडलं. त्यांनी राख-चिंच लावून कॅन आरशासारखा केला. पट्ट्यासुद्धा.

रक्षानं डोकावलं, तर आत तिचंच तोंड. रडवेलं.

"उद्या सरांना दाखवायचं होतं रे... सगळं गेलं."

त्या 'रे'नं मंथनला धीर आला.

"सगळं न्हाय," म्हणत त्यानं जिन्याखालून दुसरा कॅन ओढला. आत तशाच दोन पट्ट्या — एक बुळबुळीत, दुसरी लखलखीत.

"हे कधी लावलंस?"

"तू पट्ट्या सोडल्यास, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"आणि रोज अर्कात बुडवत होतास?"

"व्हय. तुझ्याच बाटलीतला..."

"तरीच माझी बाटली संपत होती! पण कशाला?"

"तुझा प्रयोग संपला की तू यायची बंद होणार. म्हटलं, तवा हा काढून दाखवावा..."

रक्षानं बुळबुळीत पट्टीवर बोट फिरवलं आणि हळूच त्याच्या गालावर टेकवलं. गार, चिकट. तीन पिढ्यांच्या स्वच्छ दूधवाल्यानं गाल पुसला नाही.

"अगं बाई! ह्यो घाणेरडा कॅन कुणाचा?" दारात मंगलबाई.

"आमच्या दोघांचा, काकू," रक्षा म्हणाली.

मंगलबाईंनी कॅन बघितला. मग लेकाचा गाल.

"आणि घासणार कोण?"

"मंथन. परवा. मी बघायला येते."

"आणि त्येच्या फुडं?"

"फुडं बी... रोज."

मंगलबाईंनी हातातला घासायचा काथ्या लेकाच्या हातात दिला.