पाचव्या रात्रीचा दिवा

पाच दिवे. बाजूला काचेच्या पेल्यात एक मेणबत्ती, वेगळी.

न्यायालय, १९४६. एर्नो रोनाईची साक्ष, चार मिनिटांची. "तळघराची किल्ली फक्त दरवान दुदाशकडे होती."

"नशीबवान आहेस, एर्नो," गुरुवारी चित्रपट पाहताना, पडद्यावरून नजर न काढता प्रार्थनाघरातला म्हातारा मित्र म्हणाला. "तुला दिवस तरी ठाऊक आहे."

इल्का दुदाश जिना पुसते. आधी तिची आई पुसायची.

चित्रपटाचे सात डबे. शुक्रवारी सकाळी मोजले तेव्हा सहा.

*

"हिनंच नेलं!" क्लारी रोनाई ओरडली. "किल्ल्या हिच्याकडे, राग हिच्या मनात. आणखी काय पुरावा हवा?"

बुडापेस्ट, मार्च १९८६. इमारतीच्या तळमजल्यावरची संकलनाची खोली. क्लारी दिग्दर्शक. चित्रपट तिच्याच ज्यू घराण्यावरचा. युद्धातला शेवटचा हिवाळा, कोळशाच्या तळघरात लपलेला काका मिक्शा, आणि त्याला हिरव्या शर्टवाल्या हंगेरियन नाझींच्या हवाली करणारा दरवान गाश्पार दुदाश. सगळं याच इमारतीत घडलेलं, याच इमारतीत चित्रित झालेलं. सोमवारी निवड समितीला दाखवायचं होतं.

दारात इल्का बादली घेऊन उभी होती. गाश्पारची मुलगी. आता दरवानही तीच.

"पोलिसांना बोलवा," ती म्हणाली. "घरही काढून घ्या. बापाचं नाव घेतलंतच, आता राहिलंय काय?"

गित्ता शोमलोनं क्लारीच्या हातातला फोन खाली ठेवला. ती कंटिन्युइटी सांभाळायची. पेल्यात कॉफी किती, शर्टाची किती बटणं उघडी, सगळं तिच्या वहीत.

"एक तास दे मला."

"तू काय पोलीस आहेस?"

"नाही. पण मोजता येतं मला." ती इल्काकडे वळली. "गुरुवारी तुम्हीही चित्रपट पाहिलात ना?"

"मागच्या रांगेत बसून. बोलावलं होतं ना मला! बघ म्हणे, तुझा बाप कसा होता ते."

"तुम्ही कधी उठून गेलात?"

"चौथा डबा लागला तेव्हा. तो नट माझ्या बापाचा कोट घालून बोट दाखवत होता. बघवलं नाही."

"म्हणजे शेवटच्या डब्यात काय आहे, तुम्हाला ठाऊकच नाही?"

"नाही. काय आहे?"

गित्तानं मांडणीकडे पाहिलं. चौथा डबा जागेवर होता. गेला होता सातवा.

"क्लारी, सातव्यात दुदाशचं नाव येतं?"

"नाही. त्यात फक्त बाबा आहेत. काकांचा फोटो, मेणबत्ती, शांतता."

"आणि चोर बापाची बदनामी सोडून शांतता घेऊन गेला?"

क्लारीनं मांडणीवरचे डबे पुन्हा मोजले.

"तुझ्याशिवाय या खोलीत कोण येतं?"

"कोणी नाही. बाबा दुपारी जेवण घेऊन येतात, तेवढंच. माझी दुसरी किल्ली..." ती थांबली. "गित्ता, ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत."

*

दुसऱ्या मजल्यावर क्लारीचे वडील, एर्नो रोनाई, स्वयंपाकघरात बसले होते. समोरचं सूप गार झालेलं. क्लारी आत आली. इल्का उंबऱ्याबाहेरच थांबली, या घरात ती कधी आली नव्हती.

"एर्नो काका," गित्ता म्हणाली, "मिक्शाला शेवटचं कधी पाहिलंत?"

"शंभरदा सांगितलंय. नोव्हेंबरात. मग मी नदीपलीकडे, शहराच्या बुडा भागात लपलो."

"तो गेल्याचं कधी कळलं?"

"फेब्रुवारीत. नदीकाठी नेऊन गोळ्या घातल्या, एवढंच. दिवस कोण सांगणार?"

"कोणीच नाही. माझ्या आईलाही तिच्या आईच्या मृत्यूचा दिवस कळला नाही. मोठ्या उपवासाच्या आदल्या संध्याकाळी ती सगळ्यांसाठी मिळून एकच मेणबत्ती लावायची. तुम्ही कधी लावता?"

म्हाताऱ्यानं सूप बाजूला सारलं.

गित्तानं वही उघडली. "क्लारीनं तुम्हाला तीन वर्षं चित्रित केलं. चार डिसेंबर, बावीस डिसेंबर, अकरा डिसेंबर. तारखा वेगळ्या, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही. पण मागच्या फळीवर हनुकाचे, आपल्या आठ रात्रींच्या सणाचे दिवे आहेत, रोज एक वाढणारे. मी मोजले होते. तिन्ही वर्षं पाच. पाचवी रात्र. आपल्या ज्यू पंचांगात दरवर्षी तीच तिथी."

"योगायोग," एर्नो म्हणाले.

"मेणबत्ती मृत्यूच्या दिवशी लावतात, काका. शेवटचं पाहिलंत नोव्हेंबरात, कळलं फेब्रुवारीत. मग डिसेंबरातली ही रात्र आली कुठून? गुरुवारी तुमच्या मित्राच्या तोंडून ते निघालं आणि तुम्ही घाबरलात. ती रात्र तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही तिथे होता."

नळ ठिबकत होता. कोणी उठून बंद केला नाही.

"रस्त्यात धरलं मला," अखेर एर्नो म्हणाले. "खोटे कागद ओळखले. एक जण दाखव, म्हणाले, तू सुटशील. मी तळघर दाखवलं. मग काठावर उभं केलं मला. बघ, म्हणाले. मी बघितलं."

"आणि माझा बाप?" उंबऱ्यावरून इल्का.

"सगळे विचारत होते, कोणी सांगितलं, कोणी सांगितलं. कोणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं."

"तुरुंगातच मेला तो. आईला दुकानात रांगेत उभं राहू देत नव्हते. शाळेत माझ्या बाकावर थुंकायचे."



"मग मेणबत्ती तरी का लावलीत, बाबा?" क्लारीचा आवाज फाटला.

"सगळ्यांशी खोटं बोललो. त्या रात्रीशी नाही बोलता आलं."

ते उठले. गार पडलेल्या भट्टीतून त्यांनी पत्र्याचा डबा काढला. "काल जाळणार होतो. आत मिक्शाचा फोटो आहे. नाही जाळवलं."

क्लारीनं डबा घेतला. झाकणावरचा सात आकडा तिनं अंगठ्यानं पुसला. मग हळूच म्हणाली, "गित्ता, हे आपल्या चौघांतच राहिलं तर? सोमवार अगदी तोंडावर आलाय. नंतर बघू."

इल्का हसली. कोरडं, छोटंसं. "चाळीस वर्षं तिघांत होतं, बाई. तुमचा बाप, देव आणि नदी."

गित्तानं वही मिटली आणि इल्काच्या हातात दिली. वही ओल्या हातांना चिकटली.

१९४४च्या नोव्हेंबरात कोळशाच्या तळघरात मिक्शाला लपवलं ते गाश्पार दुदाशनं. तळघराच्या किल्ल्या दोन होत्या. दुसरी त्यानं एर्नोला दिली होती.