मावशीच्या हातातून आलेलं

बसा जरा, सांगते.

दिवाळीनंतर सुंदरमावशीला मी नेकनूरहून बीडला माझ्या घरी आणलं. लकव्यानं तिची वाचा गेली होती. नुसती जीभ जड झाली असं नाही, शब्दच गेले होते. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं जाणवतं. फक्त मनात आता शब्द नाहीत. चित्रं असतील, आवाज असतील." तिचा एकुलता एक मुलगा म्हाळू उसाचा ट्रॅक्टर घेऊन कर्नाटकात गेला होता.

एका दुपारी नखं कापायला मी तिचा हात हातात घेतला आणि खोलीत उसाचा वास भरला. ओला, गोड, जरासा आंबूस. पाचटाची सळसळ... मग लोखंड वाकल्याचा लांबलचक आवाज. डोळ्यांपुढं काळोख, छातीवर ओझं, श्वास आत जाईना. मी हात सोडला. वास गेला. मावशीच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"मावशे, कोण हाय ते? म्हाळू हाय का?"

तिनं तोंड उघडलं. नुसती घरघर आली. नाव तिच्यापाशी नव्हतंच.

मी लगेच म्हाळूला फोन लावला.

"काय गं ताई? मी लई मजेत हाय. कारखान्यावर नंबरला उभा हाय."

"दोन-चार दिस गाडी चालवू नको."

"पन का?"

काय सांगणार? जे दिसलं त्याला ना गाव होतं, ना वार. "असंच..." म्हणाले. तो हसला.

तिसऱ्या दिवशी ट्रॉली उलटली. मोळ्यांखालून त्याला काढायला दोन तास लागले. निरोप आला तेव्हा मावशी रडली नाही. तिचं रडून झालं होतं. तिनं अन्न सोडलं.

नवव्या दिवशी तिनं आपण होऊन माझं मनगट धरलं. गार पाणी, हनुवटीपर्यंत. शेवाळाचा वास. एकदाच वाजलेलं पैंजण. वर उजेडाचा गोल तुकडा.

"मावशे, नको गं... सोड..."

तिनं सोडलं नाही. तशीच गेली. तिची बोटं एकेक करून उघडावी लागली.

आता हात धरायला कुणी नाही, तरी ते येतं. भांडी घासताना, कणीक मळताना. माझी शिवकन्या नऊ वर्षांची आहे. तिची पैंजणं मी काढून ठेवली. नवऱ्यानं शेतातल्या विहिरीवर जाळी टाकली. तो विचारतो, "पन कोन हाय त्यात? कवा व्हनार हाय?" मी जाऊन जाळी परत ओढून बघते.

काल ते जास्त वेळ टिकलं. वरच्या उजेडात कुणीतरी वाकून खाली बघत होतं. ते तोंड माझं होतं. दोन्ही हात कठड्यावर टेकलेले होते... आणि एकही खाली येत नव्हता.